पुढे शर्मिला, मागे सर

विश्रांतवाडीच्या त्या सायकलवाल्यांच्या गटात एक गोष्ट सगळ्यांना मान्य होती, की नवरा असावा तर श्यामसुंदर सरांसारखा. पुण्यात चार माणसांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत होणं किती अवघड आहे ते पुण्यात राहणाऱ्यालाच ठाऊक. पण इथे ते झालं होतं. रात्रीच्या राइडला बाकीचे नवरे सुसाट पुढे निघून जातात, टपरीवर चहा पीत बायकोची वाट बघतात आणि ती धापा टाकत आली की वर तिलाच "किती वेळ लावतेस" म्हणून ऐकवतात. सर तसले नव्हेत. शर्मिलावहिनी पुढे आणि सर मागे, दोन सायकलींचं अंतर राखून, अगदी शेवटपर्यंत. "वहिनी, नशीब काढलंत हो," असं गटातली प्रत्येक बाई तिला एकदा तरी म्हणाली होती.

शर्मिला हसून वेळ मारून न्यायची. काय करणार? खरं कारण वेगळं होतं. सरांना रात्री दिसत नव्हतं.

एक लाल दिवा तेवढा दिसायचा. तिच्या सायकलच्या सीटखाली लुकलुकणारा तो बोटभर दिवा. त्याच्या भोवती रस्ता, झाडं, खड्डे, माणसं असं जे काही जग असतं ते सगळं सरांच्या लेखी पुसून गेलेलं. त्यांच्या सायकलला चांगला झगझगीत हेडलाईट होता, पण तो समोरून येणाऱ्यांच्या उपयोगाचा. डोळ्यांचा पडदा कडेकडेने निकामी होत चाललाय, असं डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आधी रात्रीची नजर जाईल, मग बाजूचं दिसायचं बंद होईल, नंतरचं नंतर बघू. औषध नाही. रात्री वाहन चालवायचं नाही, असंही ते म्हणाले. त्यावर सर म्हणाले, "सायकल हे वाहन कुठे आहे?" डॉक्टरही शेवटी पुण्याचेच. म्हणाले, "पडाल तेव्हा तिलाच विचारा."

आता दुसरा एखादा असता तर सायकल गॅलरीत टेकवून ठेवली असती. पण श्यामसुंदर म्हणजे त्या गटाचा मूळपुरुष. पॉलिटेक्निकला ड्रॉइंग शिकवता शिकवता त्याने सायकलचं वेड लावून घेतलं, मग दुसऱ्यांना लावलं, मग बायकोला चाळिशीनंतर सायकल शिकवली. मरकळ, तुळापूर, केसनंद, अष्टापूर, असे शहराबाहेरचे सगळे शांत रस्ते त्याने रात्री पालथे घातलेले. दिवसा कुणीही सायकल चालवतं, रात्रीच्या रस्त्याला खरा सायकलवाला कळतो, हे वाक्य गटात त्याच्याच नावावर चालायचं. अशा माणसाने घरी बसायचं कसं?

मग उपायही त्यानेच काढला. शर्मिलाने पुढे राहायचं आणि रस्ता बोलत जायचं. "खड्डा, डावीकडे." "गतिरोधक." "वाळू." "कुत्रं." "वळण, उजवं." त्याने दिवा आणि आवाज धरून मागे यायचं. पुढच्याने मागच्याला खड्डा ओरडून सांगायची सायकलवाल्यांची पद्धतच असते, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. उलट वहिनी फार शिस्तीच्या म्हणून तिचंही नाव झालं.

"कुणाला सांगायचं नाही," त्याने तेव्हाच बजावलं होतं. "उत्कर्षालासुद्धा नाही." उत्कर्षा त्यांची मुलगी, बंगळुरूला असते. शर्मिलाने हो म्हटलं. तेव्हा तो आठवडाभर जेवणाच्या ताटाकडे नुसता बघत बसायचा. त्या माणसाला नाही म्हणवलं नाही तिच्याने.

पण कुणाला म्हणजे किती कुणाला? तो तिच्याशीही त्याबद्दल बोलत नसे. 'मला दिसत नाही' हे तीन शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. आज चंद्र नाही. या रस्त्यावर दिवेच लावत नाहीत लेकाचे. चष्म्याचा नंबर बदलायला हवा. असं काहीतरी असायचं. आणि लोक कौतुक करायला लागले की तो मान तिरकी करून गालात हसायचा, खरंच बायकोला जपत आलेला असावा तसा. शर्मिलाला ते हसू बघून पहिल्या वर्षी दया यायची. अलीकडे डोकं उठायचं.

त्यात ती थकली होती. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. उपाशीपोटीचं रक्त म्हणजे काम भल्या पहाटेचं. लोक तिच्यासाठी चहावाचून खोळंबलेले असतात आणि त्याचा राग तिच्यावरच काढतात. दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या आणि महिन्यातून दोन-तीनदा रात्रभर रस्त्यावरचे खड्डे. तिला सायकल आवडत होती का? एके काळी फार आवडायची. आता रात्री सायकलवर असताना ती रस्ता सोडून दुसरं काही बघू शकत नसे. पन्नाशी उलटलेल्या बाईने आणखी किती ओढायचं, सांगा.

आणि जानेवारीत तेजसचा फोन आला. गटाची सगळी जमवाजमव हाच पोरगा करायचा, वाघोलीला राहायचा, आयटीत होता. फोन स्पीकरवर होता.

"सर, शनिवारी न्यू बॅच आहे. वीसेक जण आहेत, सगळ्यांची फर्स्ट नाइट राइड. वाघोली ते अष्टापूर आणि बॅक. फ्रंटला कुणीतरी सीनियर पाहिजे. तुम्ही लीड कराल का? तो रूट तुमच्याइतका कुणालाच माहीत नाही."

"करतो की," श्यामसुंदर म्हणाला. भाजी आणायला सांगितल्यावर म्हणावं, इतक्या सहज.

शर्मिला कणीक मळत होती. फोन बंद झाल्यावर तिने परातीतून हात काढले.

"वीस पोरं तुझ्या मागे येणार," ती म्हणाली. "आणि तू कुणाच्या मागे?"

"तुझ्या."

"म्हणजे पुढे मी."

"तू जरा पुढे. अंदाज घ्यायला. लीड मीच."

"वा. आणि खड्डे?"

"ते तू सांगशीलच ना. नेहमीसारखं." मग तिचा चेहरा न बघताच म्हणाला, "उद्या रात्री एकदा जाऊन रस्ता बघून येऊ. ऊसतोड चालू आहे, कुठे उखडलाय, कुठे नाही."

त्या रात्री शर्मिलाला झोप लागली नाही. तो एकटा पडला तर निदान त्याचं तो पडेल. पण नवी पोरं पुढच्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकतात. तो थांबला की थांबतात, वळला की वळतात. ऊसतोडीच्या दिवसांत त्या रस्त्याला रात्री उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. पुढचा माणूस अंदाजाने भलतीकडे वळला आणि मागचं एखादं पोर ट्रॉलीखाली गेलं तर? आजवर ती नवऱ्याचं लपवत होती. यापुढे ते लोकांच्या जिवावर बेतणार होतं. शनिवारच्या आत त्याने स्वतःच्या तोंडाने तेजसला सांगायला हवं होतं. ती सांगू शकली असती, नाही असं नाही, पण तिने शब्द दिलेला. शिवाय तिने सांगितलं असतं तर तो उरलेला जन्म तिच्याशी बोलला नसता. सख्ख्या भावाशी त्याने मुंजीच्या आहेरावरून सहा वर्षं अबोला धरला होता. असला माणूस.

उद्याच्या फेरीतच त्याच्याकडून फोन करवून घ्यायचा, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून दोघं निघाली. लोहगावमार्गे वाघोली, तिथल्या उंच इमारती आणि त्यांचे झगमगाट, मग केसनंद. केसनंद मागे पडलं आणि दिवे संपले. दोन्ही बाजूंना ऊस, मधे चिंचोळा डांबरी रस्ता, थंडी अशी की हातमोज्यांतही बोटं आखडलेली. कुठेतरी शेताला पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. वर चांदणं पडलेलं. असल्या रस्त्यासाठी लोक पुण्यातून तडफडत येतात. शर्मिलाने मान वर केली आणि लगेच खाली घातली. पुढे खडी पसरली होती.

"खडी. उजवीकडून."

"हं."

"खड्डा. मोठा."

"हं."

आपण नवराबायको एवढंच बोलतो, तिच्या मनात आलं. घरी असलो की तो मोबाइल कानाला लावून बातम्या ऐकतो आणि मी पेंगते. बाहेर पडलो की मी खड्डे सांगते आणि तो हं म्हणतो. असं वाटून तिला एकदम रडू यायला लागलं. पण रडून चालणार नव्हतं, डोळ्यांत पाणी आलं तर पुढचं दिसणार कसं, आणि तिला दिसलं नाही तर दोघंही आडवी.

एका गावाबाहेरच्या एसटीच्या शेडमध्ये ती थांबली. थर्मासातला चहा काढला. त्याचा हात कपाच्या शोधात हवेत फिरत होता, तिने तो धरून कपावर ठेवला.

"श्याम, तेजसला फोन कर. सांग, शनिवारी जमणार नाही."

"का?"

"का ते मी सांगू?"

"रस्ता तर व्यवस्थित आहे. कुठे धडपडलो का मी?"

"मी घसा फोडतेय म्हणून नाही धडपडलास."

तो चहा प्यायला. शांतपणे. मग जे बोलला ते आपण काय बोलतोय हे कळून बोलला की नाही, देव जाणे.

"हे बघ शर्मिला, तू पुढे असतेस हे मी नाकारत नाही. पण असल्या रस्त्याला रात्री तू एकटी आली असतीस का? मी मागे असतो म्हणून तुला भीती वाटत नाही. एवढं तरी मान्य कर."

लोकांनी म्हणून म्हणून याला ते खरं वाटायला लागलं होतं. चार वर्षं आंधळ्यासारखं हाताला धरून आणलं, आणि हा म्हणतो, मी जपलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने थर्मासचं झाकण लावलं, सायकल काढली आणि एक शब्द न बोलता निघाली.

मागे त्याच्या साखळीचा आवाज आला. आला म्हणजे निघाला होता.

खड्डा आला. ती बाजूने गेली. बोलली नाही. मागून धाडकन आवाज झाला, पण साखळी चालूच राहिली. दुसरा खड्डा. नाही बोलली. म्हणू दे 'हळू'. एकदा म्हणू दे, शर्मिला, थांब. तो म्हणाला नाही, आणि तिने पायडलवर जोर दिला. थकलेल्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे. वळण आलं, ती वळली, आणखी एक वळण आलं. मागून गाणी लावलेला एक ट्रॅक्टर येत होता. गाणी जवळ आली, मग कुठेतरी बाजूला गेली आणि बारीक होत होत थांबली. मग नुसता वारा.

पुढच्या फाट्यावर पिठाची एक बंद गिरणी होती. तिथे उतरून ती वाट बघत उभी राहिली. काय काय बोलायचं ते जुळवत होती, आणि एकेक वाक्य असं जमत होतं की ऐकून त्याला दिवसाही अंधारी आली असती. पण वाक्यं जुळवून झाली आणि तो आला नाही.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

तिने सायकल उलटी फिरवली. दर थोड्या अंतरावर थांबायची, हेडलाईट सोडवून हातात घ्यायची आणि दोन्ही बाजूंच्या चरांत उजेड टाकायची. "श्याम." काही नाही. उसात काहीतरी खसफसलं, डुक्कर असेल. रस्त्याला लागूनच एक विहीर होती, कठडा नसलेली. मघाशी जाताना तिने ती बघितली होती आणि सांगितली नव्हती. काठावर ओणवं होऊन तिने आत उजेड टाकला. खोल काळं पाणी, वर थोडा पाला. हाक मारली तर तिचाच आवाज घुमून वर आला. ती तिथेच मातीत बसली. आपण मारलं याला, एवढंच तिच्या डोक्यात होतं. रागाच्या भरात नवऱ्याला विहिरीत घातलं आपण.

पण पाणी निवांत होतं. काठावरची माती ढासळलेली नव्हती. सायकलची खूण नव्हती. ती उठली. आणि तेव्हा तिला ती बाजूला गेलेली गाणी आठवली.

थोडं मागे जाऊन तिने शोधलं तर रस्त्यावरून उसात शिरणारी एक मातीची वाट सापडली. धुळीत ट्रॉलीच्या रुंद चाकांच्या खुणा होत्या. आणि त्यांच्या मधोमध, कधी इकडे कधी तिकडे झोकांड्या खात गेलेली, सायकलच्या चाकाची बारीक रेघ होती. शर्मिला त्या रेघेवरून आत निघाली.

बरंच आत गेल्यावर उजेड दिसला. तोडलेल्या फडात ट्रॅक्टर उभा, त्याच्या बॅटरीवर दोन बल्ब लावलेले, आणि ऊसतोडीची माणसं मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. ट्रॉलीच्या मागे तारेने बांधलेला सायकलचाच लाल दिवा लुकलुकत होता. तिच्या दिव्यासारखाच, अगदी हुबेहूब.

पलीकडे उसाच्या एका मोळीवर श्यामसुंदर बसला होता. गालावर ओरखडा, एक गुडघा फुटलेला, शेजारी सायकल आडवी. बघून तिला इतकं हायसं वाटलं की पाय पुढे टाकवेना.

"कोन पायजे?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं. पोपट त्याचं नाव. तिने बोट दाखवलं तसा तो म्हणाला, "तुमचं हायती व्हय? पार माझ्या ट्रॉलीमागं फडापातुर आलं. मला पत्त्याच न्हाई. या बाईनी सांगितलं तवा कळलं."

ती बाई बीडकडची, ऊसतोडीला आलेली. सुशीलाबाई. मोळी खाली टाकून ती जवळ आली आणि शर्मिलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शर्मिला तुमीच का?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"आवं, सारी वाट तेच चाललं व्हतं त्यांचं. शर्मिला, शर्मिला. मी ट्रॉलीच्या मागच्या अंगाला पाय सोडून बसले व्हते. म्या वरडून सांगितलं, मी न्हाई ती. पर यांचं गानं केवढं मोठं लावल्यालं. त्यांस्नी काय ऐकूच जाईना."

"काय म्हणत होते?"

सुशीलाबाईने पदर नीट केला. "नवराबायकुचं बोलनं. म्या कशाला सांगू?"

"सांगा हो."

"थांब म्हनत व्हते. लई इनवन्या. मला दिसत न्हाई म्हनले, डोळ्यापुढं हात धरला तरी दिसत न्हाई. भ्या वाटतंय म्हनले. आन त्या पोरांस्नी न्हेत न्हाई म्हनले, एखांदं मरंल माझ्यापायी. तूच सांग त्या तेजसला, माझ्या तोंडातनं निघत न्हाई." तिने आवाज उतरवला. "रडत व्हते वो. मंग ट्रॉली थांबली तर येऊन आदळलेच तिच्यावर."

शर्मिला ऐकत होती. राग गेला म्हणावं तर तसंही नव्हतं. चार वर्षं ज्या एका वाक्याची तिने वाट बघितली, ते या माणसाने एका ट्रॉलीला सांगितलं होतं. हसावं की रडावं तिला कळेना, आणि दोन्हीतलं काहीही करण्याइतकं त्राण अंगात उरलं नव्हतं. ती त्याच्याकडे गेली.

पावलं ऐकून त्याने मान वर केली. "शर्मिला? अगं, जरा चुकामूक झाली. हा ट्रॅक्टर मधे आला. तू त्याच्या मागोमाग निघालीस असं वाटलं मला. फोनही कुठेतरी पडला. चष्म्यावर धूळ बसली होती, त्यामुळे..."

"श्याम."

"काय?"

"ट्रॉलीला जे सांगितलंस ते मला सांग."

माणसं मोळ्या टाकत होती, त्याचा धपधप आवाज येत होता. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. त्याने काहीही फरक पडणार नव्हता, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"जिला तू सांगत होतास तिनेच."

मग तो मान खाली घालून म्हणाला, "मला दिसत नाही. आत्ता तू कुठे उभी आहेस तेही मी आवाजावरून ओळखतोय. दिवसासुद्धा हल्ली बाजूचं दिसत नाही, तेही तुला सांगितलं नव्हतं." मग म्हणाला, "मघाशी मी म्हणालो ना, मी मागे असतो म्हणून तुला भीती वाटत नाही. ते उलटं आहे."

"मला माहीत आहे उलटं आहे ते," शर्मिला म्हणाली.

तिने आपला फोन काढला, तेजसचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो परत केला नाही. तेजस अमेरिकेच्या वेळेने काम करायचा, जागाच होता.

"वहिनी? ऑल ओके?"

"तेजस, मी बोलतोय." श्यामसुंदरचा आवाज वर्गात हजेरी घ्यावी तसा कोरडा होता. "शनिवारी मी येणार नाही. मला रात्री दिसत नाही. डोळ्यांचा आजार आहे, बरा न होणारा. चार वर्षं झाली."

"सर, पण तुम्ही तर दर राइडला असता. वहिनींच्या मागे..."

"तिच्या मागे म्हणूनच. ती खड्डे सांगते आणि मी येतो. तुम्ही सगळे म्हणता ना, सर बायकोला जपतात? साफ खोटं आहे ते. मीच तसं वाटू दिलं. ग्रुपवर टाकलंस तरी चालेल."

शर्मिलाने तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते, आणि आता आले तरी चालणार होतं.

"सर, आय मीन, मला काय बोलावं तेच कळत नाहीये," तेजस म्हणाला. मग जरा वेळाने, अवघडलेपण घालवायला म्हणून असेल, म्हणाला, "म्हणजे खरं तर इतकी वर्षं वहिनीच लीड करतायत. मग शनिवारी त्यांनीच लीड केलं तर?"

"अरे, करेल की," श्यामसुंदर लगेच म्हणाला. चेहरा उजळला होता त्याचा. "तिच्याइतका हा रस्ता कुणालाच..."

शर्मिलाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"तेजस, शनिवारी मी झोपणार आहे," ती म्हणाली.

"ओके वहिनी, नो प्रॉब्लेम. मग नेक्स्ट राइडला?"

"तेव्हाही." आणि तिने फोन बंद केला.

काय चुकलं ते श्यामसुंदरच्या ध्यानात येत असावं, हळूहळू का होईना. ती त्याच्या शेजारी मोळीवर बसली. तिने बाटलीतलं पाणी ओतून त्याचा गुडघा धुतला आणि रुमाल बांधला.

"सकाळी नमुने आहेत ना तुझे?" त्याने विचारलं.

"आहेत."

"लॅबला मी फोन करतो. नाही येत म्हणून सांगतो."

"सांग," ती म्हणाली. एरवी तिने ऐकलं नसतं. "दहा मिनिटं बसते. मग निघू."

दहा मिनिटं कसली. तिची मान आधी छातीवर आली, मग त्याच्या खांद्यावर. उसाची पानं टोचत होती, डास होते, बल्ब सरळ डोळ्यांवर होता. तिला यातलं काही कळलं नाही. श्यामसुंदरने चाचपडत अंगातलं जाकीट सोडवलं आणि तिच्यावर घातलं. ते अर्धं खाली ओघळलं, त्याला ते दिसलं नाही.

ट्रॉली भरत आली. ही दोघं बसली होती ती सोडून सगळ्या मोळ्या उचलून झाल्या तशी सुशीलाबाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, उठा. एवढीच ऱ्हायलीय."

"बाई, ही राहू दे थोडा वेळ," श्यामसुंदर हळूच म्हणाला. "झोपलीय ती."